टोपलीच्या खेळाचे जनक : रेव्ह. डॉ. जेम्स नेस्मिथ

दरवर्षी ऑक्टोबर महिना जवळ आला म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघांच्या नव्या हंगामाची गडबड सुरू होते. तेथे ३० संघ असून त्यांपैकी प्रत्येकास एका हंगामात ८२ सामने खेळावे लागतात. एकेका नामांकित खेळाडूचे वेतन ऐकले असता आमच्या खेड्यांतील मनुष्यास तो आकडा वाचताही येणार नाही. आपल्या देशातही हे वारे येऊन पोहोचले आहे. २०२२ साली इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग ह्या नावाने शहराशहरांच्या संघांचे सामने सुरू झाले व त्यांत मुंबईचाही संघ उतरला. तेव्हापासून नव्या हंगामाची वार्ता कानी आली की आमचे तरुणही तिकडे डोळे लावून बसतात. जालना जिल्ह्यात पूर्वी हुतुतू, खो-खो व आट्यापाट्या एवढेच खेळ पोरांस ठाऊक असत. आता अंबड-परतूरकडील मुलाच्या हातातील फोनवरही ह्या उंच खेळाडूंच्या उड्या दिसतात.

परंतु ज्या मनुष्याने हा खेळ शोधून काढिला त्याचे नाव त्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? तो कोणी धनाढ्य गृहस्थ नव्हता, व्यापारी नव्हता, किंवा खेळावर पोट भरणाराही नव्हता. तो लहानपणीच आईबापांवाचून पोरका झालेला, शाळा अर्धी टाकून रानात लाकडे तोडणारा, पुढे धर्मशास्त्र शिकून उपदेशकाच्या कामास योग्य ठरलेला असा एक शेतकरी घराण्यातील तरुण होता. त्याचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. नव्या हंगामाच्या जाहिराती पाहणाऱ्या आमच्या तरुणांस ते विशेष उपयोगी पडेल.

जन्म व पोरकेपण

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशातील ऑन्टारिओ प्रांतात आल्मॉन्ट गावाजवळ झाला. त्यांचे वडील जॉन व आई मार्गारेट ही दोघेही स्कॉटलंडातून आलेल्या कुटुंबांतील होती. ते लोक गरीब, कष्टाळू व प्रेस्बिटेरियन पंथाचे. येथे आमच्या वाचकांस एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या स्कॉच लोकांच्या मंडळीत नेस्मिथ लहानाचे मोठे झाले, त्याच लोकांच्या फ्री चर्च मिशनाशी आमच्या जालन्याचा जुना संबंध आहे. रेव्ह. नारायण शेषाद्रि ह्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली ह्याच मिशनात झाला, व पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. त्यांचा अंत १८९१ साली झाला; आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नेस्मिथ ह्यांच्या हातून ह्या खेळाचा जन्म झाला. दूरच्या दोन देशांतील ह्या दोन माणसांची गाठ कधी पडली असे नाही; तथापि दोघांच्याही जीवनाचे पाणी एकाच विहिरीचे होते असे म्हणण्यास हरकत नाही.

जेम्स नऊ वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्या घरावर आकाश कोसळले. १८७० साली विषमज्वराची साथ आली. आधी वडील गेले, आणि त्यांच्यामागून तीन आठवड्यांच्या आत आईही गेली. आई गेली तो दिवस मुलाच्या जन्मदिवसाचा होता. मागे एक थोरली बहीण ॲनी, जेम्स व एक धाकटा भाऊ अशी तीन लेकरे उरली. त्यांस आजीने जवळ घेतले. पण थोड्याच काळात तीही वारली, आणि मुलांचा भार त्यांचे मामा पीटर यंग ह्यांच्यावर पडला.

मामा अविवाहित, देवभीरू व कडक शिस्तीचे होते. घरी शेती व गुरेढोरे होती, आणि मुलाने पुरुषाचे काम करावे अशी त्यांची अपेक्षा असे. त्या वेळची एक गोष्ट चरित्रकार सांगतात. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून घोड्यांची गाडी हाकीत असता जेम्स ह्यांची वाट चुकली; पातळ बर्फ फुटले व घोडे पाण्यात गेले. पोराने मोठ्या कष्टाने एकट्याने ते घोडे बाहेर ओढून काढिले. वर पाहतात तो झाडांआड मामा उभे! त्यांनी सर्व पाहिले होते, पण मदतीस हात लाविला नव्हता. ज्याने चूक केली त्यानेच ती निस्तरावी असा त्यांचा दंडक होता. हा दंडक आम्हांस कठोर वाटतो, व लेकरांशी असे वागावे असे आम्ही कोणास सांगणार नाही. तथापि अडचणीत पडल्यावर दुसऱ्याकडे न पाहता आपणच वाट काढावयाची हा धडा जेम्स ह्यांच्या अंगी कायमचा भिनला, आणि पुढे एका कठीण प्रसंगी तोच उपयोगी पडला.

शेतीच्या कामातून फुरसत मिळाली म्हणजे गावच्या लोहाराच्या दुकानामागे मुले जमत. तेथे एका मोठ्या खडकावर एक दगड ठेवून तो दुरून दगड मारून पाडावयाचा, व राखणाऱ्याने शिवण्याच्या आत आपला दगड घेऊन परत पळावयाचे असा एक खेळ चाले. आमच्या लगोरीशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. त्यात जेम्स ह्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. जो जोराने सरळ दगड फेकी त्याचा दगड दूर जाई, आणि तो आणण्यास धावताना तो पकडला जाई. उलट जो हळूच वर उडवून अचूक टाकी तोच बहुधा जिंके. पोरपणीचे हे निरीक्षण वीस वर्षांनी जगाच्या उपयोगी पडावयाचे होते.

शाळा सुटली व पुन्हा धरली

पंधरा वर्षांचे असता जेम्स ह्यांनी शाळा सोडिली व ते लाकूडतोड्यांच्या टोळीत जाऊन राहिले. तेथे पाच वर्षे गेली. अंगात बळ आले, मजुरी मिळू लागली, आणि त्या टोळीतील माणसांच्या सवयीही लागू लागल्या. एके दिवशी ते दारूच्या गुत्त्यात उभे असता शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाने त्यांस ओळखिले, आणि तू मार्गारेटचा मुलगा ना, तुला येथे पाहून तिला कबरेतही चैन पडणार नाही अशा अर्थाचे शब्द तो बोलला. तरुणाने पेला खाली ठेविला, व त्या दिवसापासून दारूस शिवावयाचे नाही असा निश्चय केला. ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत सांगितलेली आढळते.

आमच्या गावांतून पोर एकदा ऊसतोडीस किंवा कारखान्यात गेले म्हणजे पुन्हा पुस्तक हाती घेणे किती कठीण असते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मिसरूड फुटलेल्या मुलाने लहान पोरांच्या बाकावर जाऊन बसावे ह्यात लाज वाटते, आणि लोकही हसतात. जेम्स ह्यांनी ती लाज गिळली. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास ते पुन्हा आल्मॉन्टच्या शाळेत जाऊन बसले, आणि १८८३ साली मॉन्ट्रिअल शहरातील मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले. उपदेशक व्हावयाचे असा त्यांचा संकल्प होता, व त्यासाठीच मामांनी त्यांस जाऊ दिले. सुट्टीत घरी येऊन शेतीस हातभार लावावयाचा असा त्या दोघांचा ठराव होता. १८८७ साली त्यांनी बी. ए. ची पदवी घेतली, आणि पुढील तीन वर्षे त्याच शहरातील प्रेस्बिटेरियन कॉलेजात धर्मशास्त्राचा अभ्यास केला.

आखाडा की व्यासपीठ?

मॅकगिलात असता मित्रांच्या आग्रहावरून ते तालीमखान्यात जाऊ लागले, आणि त्यांचे मन तेथे रमले. फुटबॉल, लॅक्रॉस, कसरत ह्या सर्वांत ते निष्णात झाले. व पुढे विद्यापीठातील कसरतीचे शिक्षणही त्यांच्याकडेच आले. हे पाहून त्यांच्या मित्रमंडळीस काळजी वाटू लागली. त्या काळी पुष्कळ भाविक लोक मर्दानी खेळांस सैतानाचे साधन समजत असत. काही सहाध्यायी जेम्स ह्यांच्या आत्म्यासाठी एकत्र बसून प्रार्थना करीत. अशात एका सामन्यात मार लागून त्यांचे दोन्ही डोळे काळेनिळे झाले, व दुसऱ्याच दिवशी रविवारी त्यांस तशाच मुद्रेने व्यासपीठावर उभे राहावे लागले! मंडळीतील वृद्धांस ते दृश्य कसे वाटले असेल ह्याची कल्पना करवते.

परंतु त्याच मैदानावर त्यांस आपल्या पाचारणाचा उलगडा झाला. एका सामन्यात शेजारचा खेळाडू संतापून अभद्र बोलला. पण जेम्स जवळ आहेत हे ध्यानात येताच त्याने ओशाळून क्षमा मागितली. जेम्स ह्यांनी त्यास कधी उपदेश केलेला नव्हता. ते केवळ आपला खेळ मन लावून व सचोटीने खेळत, एवढेच. तेव्हा त्यांच्या मनात विचार आला की, जे तरुण रविवारी मंदिरात येत नाहीत ते येथे रोज भेटतात. तर मग तरुणांचे शील घडविण्याचे स्थान केवळ व्यासपीठच का असावे? मैदान का नसावे?

हा प्रश्न सोपा नव्हता. उपदेशकाची जागा मानाची होती, आणि कसरत शिकविणाऱ्यास कोणी विद्वान म्हणत नसे. मामांस व बहिणीस हा बेत मुळीच रुचला नाही. मंदिर सोडून तालमीत गेलेल्या भावाविषयी ॲनीच्या मनातील सल पुष्कळ काळ राहिला. ज्यांनी आपणांस पोसले त्यांचे मन दुखवून आपल्या अंतःकरणाची हाक ऐकावी की न ऐकावी, हा पेच ज्याच्यावर येतो त्यासच त्याचे दुःख कळते. जेम्स ह्यांनी विचार केला, सल्ला घेतला, प्रार्थना केली, आणि १८९० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड शहरी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे जे शिक्षणालय होते तिकडे ते निघून गेले.

चौदा दिवसांचे काम

ह्या शिक्षणालयात शारीरिक शिक्षणाचे मुख्य डॉ. ल्यूथर गुलिक हे होते. ते मिशनरी घराण्यात हवाई बेटांवर जन्मलेले, कल्पक व उत्साही गृहस्थ. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. बाहेर बर्फ पडू लागले म्हणजे फुटबॉल बंद होई, आणि आत तालीमखान्यात तीच ती कवाईत व डंबेल्स फिरविणे सुरू होई. लहान पोरे ती निमूटपणे करीत. पण १८ प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग तिला इतका कंटाळला की दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले. तेव्हा गुलिक ह्यांनी तो वर्ग नेस्मिथ ह्यांच्या गळ्यात घातला, व घरात दिव्याच्या उजेडात खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधून काढण्यास सांगितले.

नेस्मिथ ह्यांनी प्रथम जुनेच खेळ बदलून पाहिले. फुटबॉल आत आणिला तो मुले लाकडी जमिनीवर आपटू लागली. पायाने चेंडू मारण्याचा खेळ लाविला तो खिडक्यांच्या काचा धोक्यात आल्या. लॅक्रॉस लाविला तो हात व तोंडे फुटू लागली. चौदा दिवस संपत आले आणि हाती काही नव्हते. नदीत पडलेले घोडे एकट्याने बाहेर काढणाऱ्या पोराची ही दुसरी परीक्षा होती.

शेवटी त्यांनी खेळ बाजूस ठेविले व खेळांमागील कारणे तपासण्यास आरंभ केला. हा विचारक्रम आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. खेळात दुखापत का होते? एकमेकांस खाली पाडतात म्हणून. खाली का पाडतात? कारण चेंडू घेऊन पळणाऱ्यास थांबविण्यास दुसरा उपाय नसतो. तर मग चेंडू घेऊन पळावयाचेच नाही असा नियम केला तर? ज्याच्या हाती चेंडू आला त्याने तेथूनच तो दुसऱ्याकडे टाकावा. म्हणजे त्यास पाडण्याचे कारणच उरत नाही. येथपर्यंत आल्यावर दुसरा प्रश्न आला. गोल समोर व उभा असला की जो तो अंगच्या सर्व बळाने चेंडू मारणार, व पुन्हा इजा होणार. येथे त्यांस लोहाराच्या दुकानामागील तो खडक आठवला. हळूच वर उडवून अचूक टाकणाराच तेथे जिंकत असे. तर गोल आडवा व डोक्याच्या वर ठेवावा. म्हणजे बळ निरुपयोगी होईल आणि कौशल्य व संयम ह्यांसच मोल येईल. रागाचे कारणच काढून टाकावे, म्हणजे राग आवरा असे सांगत बसावे लागणार नाही, ही त्या युक्तीची खुबी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इमारतीच्या रखवालदाराकडे सुमारे दीड फूट रुंदीच्या दोन पेट्या मागितल्या. पेट्या नव्हत्या, पण पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या कोठीत पडल्या होत्या. आमच्याकडे मोसंब्यांसाठी जशी डालगी असतात तशाच त्या. नेस्मिथ ह्यांनी त्या सज्ज्याच्या कठड्यास दोन बाजूंस खिळ्यांनी ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता. म्हणून आजतागायत साऱ्या जगात ही कडी १० फुटांवरच असते! मग त्यांनी १३ नियम लिहिले, ते यंत्रावर छापवून घेतले, व भिंतीवरील फळ्यास लाविले. ता. २१ डिसेंबर १८९१ रोजी १८ जणांच्या वर्गाचे नऊ-नऊ गडी करून पहिला सामना झाला. साऱ्या सामन्यात एकच गोल झाला. तो विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने दुरून टाकिला. टोपलीस बूड असल्यामुळे चेंडू काढण्यास शिडी लावावी लागे. फ्रँक महान नावाच्या विद्यार्थ्याने ह्या खेळास नेस्मिथ ह्यांचेच नाव द्यावे असे सुचविले, पण ते हसले व त्यांनी ते साफ नाकारिले. तेव्हा टोपली आणि चेंडू ह्या दोन शब्दांवरून बास्केटबॉल हे साधे नाव पडले.

खेळाचा प्रसार व पैशाचा प्रवेश

ते विद्यार्थी नाताळच्या सुट्टीत घरोघर गेले व खेळ बरोबर घेऊन गेले. १५ जानेवारी १८९२ रोजी नियम त्या शिक्षणालयाच्या पत्रात छापले गेले. थोड्याच दिवसांत जवळच्या शाळेतील शिक्षिकाही खेळू लागल्या. त्यांपैकी मॉड शर्मन ह्या तरुणीशी १८९४ साली नेस्मिथ ह्यांचा विवाह झाला. जेथे जेथे असोसिएशनचे सेवक गेले, तेथे तेथे त्यांच्या पेटीतून हा खेळ गेला. पहिल्या १८ जणांत जपानचा एक विद्यार्थी होता. कॅनडाचा डंकन पॅटन हाही त्याच १८ जणांपैकी. त्यानेच १८९४ साली हा खेळ हिंदुस्थानात आणिला असे सांगतात. पुढे स्प्रिंगफील्ड येथेच शिकलेले हॅरी क्रो बक ह्यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढिले, आणि तेथून शिकलेल्या शिक्षकांनी हा खेळ देशभर नेला. मुंबईत नागपाडा मोहल्ल्यात अमेरिकन मराठी मिशनाचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ड ह्यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस ही संस्था चालविली. तो गिरणी कामगारांचा व गरिबांचा मोहल्ला पुढे ह्या खेळाचे माहेरघर बनला. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर हे त्याच मोहल्ल्याचे.

आता ज्या व्यावसायिक हंगामाविषयी आम्ही आरंभी बोललो त्याचा उगम कसा झाला ते सांगतो. खेळाची आवड इतकी वाढली की असोसिएशनचे तालीमखाने त्यानेच व्यापून गेले. इतरांस जागा उरेना, धसमुसळेपणाही वाढला. म्हणून काही ठिकाणी चालकांनी संघांस बाहेर काढिले. त्या संघांनी भाड्याने दिवाणखाने घेतले, भाडे भरण्यासाठी तिकीट लाविले, आणि भाडे देऊन उरलेले पैसे आपसांत वाटून घेतले. अशा रीतीने धंदेवाईक खेळाचा जन्म झाला. १८९८ साली फिलाडेल्फिया शहराच्या आसपास अशा संघांची पहिली लीग निघाली. आजची मोठी संस्था १९४६ सालची. म्हणजे धंदा हा कोणा लोभी मनुष्याच्या कारस्थानातून निघाला नाही. भाड्याच्या चार पैशांतून निघाला. पण एकदा पैसा मैदानात आला म्हणजे तो बाहेर जात नाही हेही तितकेच खरे.

नेस्मिथ ह्यांनी मात्र आपल्या शोधाबद्दल कधी एक पैसाही मागितला नाही. त्यांनी तो आपल्या नावे नोंदविला नाही व नियमांवर हक्क सांगितला नाही. १८९५ साली ते डेन्व्हर शहरी गेले. दिवसा असोसिएशनची नोकरी करून त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला व १८९८ साली डॉक्टरची पदवी घेतली. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाने त्यांस बोलाविले. तेथे सकाळची उपासना चालविणे व विद्यार्थ्यांस कसरत शिकविणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे आली. तालीम व व्यासपीठ ह्यांपैकी एकाची निवड करा असे ज्यांनी सांगितले होते, त्यांस हे उत्तर आपोआप मिळाले.

तेथे त्यांनी बास्केटबॉलचा संघही तयार केला. आश्चर्य हे की, त्या विद्यापीठाच्या सर्व प्रशिक्षकांत ज्याच्या पराजयांची संख्या विजयांहून अधिक आहे असा एकच मनुष्य, आणि तो म्हणजे ह्या खेळाचा जनक! ५५ सामने जिंकले व ६० हरले. त्यांस त्याचे वैषम्य नव्हते. ते स्वतः हा खेळ आयुष्यात दोनच वेळा खेळले. खेळ हे माणूस घडविण्याचे साधन आहे, खेळणारा कसा वागतो हे पाहावयाचे, पाटीवरील आकडे नव्हेत, अशी त्यांची दृष्टी होती. १९१६ साली त्यांस प्रेस्बिटेरियन मंडळीत पाळकपणाची दीक्षा मिळाली. मेक्सिकोच्या सरहद्दीवर ते सैनिकांचे धर्मगुरू म्हणून गेले, व पहिल्या महायुद्धात सुमारे दीड वर्ष फ्रान्समध्ये असोसिएशनतर्फे सैनिकांत सेवा करीत राहिले.

पाण्याची गोष्ट

त्यांच्या उतारवयातील एक प्रसंग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. १९३३ साली जॉन मक्लेंडन नावाचा एक काळ्या वर्णाचा तरुण त्या विद्यापीठात आला. खेळाचा शिक्षक व्हावयाचे हे त्याचे स्वप्न होते. परंतु त्या काळी काळ्या विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या संघात प्रवेश नव्हता. त्याच्या बापाने त्यास सांगून ठेविले होते की, तेथे नेस्मिथ नावाचे गृहस्थ आहेत, थेट त्यांच्याकडे जा. तो गेला. सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धाने त्यास आपला विद्यार्थी म्हणून पदराखाली घेतले, आपल्याजवळची सर्व विद्या दिली, आणि गावच्या शाळेतील मुलांस शिकविण्याची संधी मिळवून दिली.

त्या अभ्यासक्रमात पोहता येणे आवश्यक होते. पण काळ्या विद्यार्थ्यांस तलावात उतरू देत नसत. त्यांस न पोहताच उत्तीर्ण म्हणून लिहीत. मक्लेंडन ह्याने फुकटचे गुण नाकारिले व तो पाण्यात उतरला. त्यावर तलावातील सर्व पाणी सोडून देण्यात आले! आमच्या वाचकांपैकी कोणास ह्या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागेल असे आम्हांस वाटत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली काय झाले हे महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि मराठवाड्याच्या खेड्यांतील विहिरींच्या आठवणी वृद्धांच्या मनात अजून ताज्या आहेत. पण मक्लेंडन मागे हटला नाही, नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले, आणि शेवटी तो तलाव सर्वांस खुला झाला.

१९३६ साली मक्लेंडन पदवीधर झाला. संघात त्यास कधी घेतले नाही. पण पुढे तो स्वतः मोठा प्रशिक्षक बनला. १९४४ साली मार्च महिन्यातील एका रविवारी सकाळी, सारे गाव उपासनेस गेले असता, त्याने आपल्या काळ्या विद्यार्थ्यांचा व शेजारच्या गोऱ्या विद्यार्थ्यांचा सामना दारे बंद करून खेळविला. कारण उघडपणे खेळणे धोक्याचे होते. आणि १९६१ साली अमेरिकेतील एका व्यावसायिक लीगच्या संघाचा तो प्रशिक्षक झाला. काळ्या मनुष्यास असा मान त्या काळी क्वचितच मिळे. आज त्या लीगांत काळ्या खेळाडूंचे जे वैभव दिसते त्याच्या पायाशी त्या रिकाम्या केलेल्या तलावाची आठवण आहे.

अखेरचे दिवस

१९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. नेस्मिथ ह्यांच्याजवळ तेथे जाण्यापुरते पैसे नव्हते. तेव्हा अमेरिकेतील प्रशिक्षकांनी वर्गणी गोळा करून त्यांस पाठविले. पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनी आपल्या हाताने वर उडविला. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसात व चिखलात झाला. अमेरिकेने कॅनडावर १९ विरुद्ध ८ असा विजय मिळविला व मेक्सिको तिसरा आला. जन्मभूमी व कर्मभूमी ह्या दोन्ही देशांच्या मुलांस पदके देण्याचे भाग्य त्या वृद्धास लाभले. पुढील वर्षी त्यांची पत्नी मॉड वारली, व तेही नोकरीतून निवृत्त झाले. १९३९ साली त्यांनी पुन्हा विवाह केला. पण त्याच वर्षी ता. २८ नोव्हेंबर रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स गावी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी देह ठेविला. त्यांच्या पश्चात १९४१ साली त्यांचे ह्या खेळाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

फळ्यावर लाविलेले ते १३ नियमांचे दोन कागद पुढे जपून ठेविले गेले. डिसेंबर २०१० मध्ये त्यांचा लिलाव झाला, आणि त्यांस ४३ लक्ष डॉलर इतकी किंमत आली. ज्याने ते लिहिले त्यास बर्लिनच्या प्रवासासाठी वर्गणीवर अवलंबून राहावे लागले होते.

आम्हांस बोध

ह्यावरून धंदेवाईक खेळ वाईटच असे आम्ही म्हणत नाही. मेहनतीने खेळणाऱ्यास मोबदला मिळावा हे न्यायाचे आहे. पंजाबातील एका खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग २०१५ साली अमेरिकेच्या त्या मोठ्या लीगमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला, आणि आपल्या पुण्याच्या शिरीन लिमये ह्यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले. ह्या गोष्टी आमच्या मुलामुलींस हुरूप देणाऱ्याच आहेत. पण हजारांतून एखादाच त्या शिखरावर जातो. बाकीच्यांनी काय करावे? त्यांच्यासाठीच नेस्मिथ ह्यांचे चरित्र आहे. ते त्या शिखरासाठी खेळले नाहीत, तरी ज्यांना कोणी उभे करीत नव्हते अशांस त्यांनी उभे केले.

नवा हंगाम येईल व जाईल. त्याचे सामने आमच्या तरुणांनी खुशाल पाहावे. पण पाहून झाल्यावर फोन खाली ठेवून अंगणात यावे. ह्या खेळास फार भांडवल लागत नाही. जालन्याच्या कारखान्यांतील सळई देशभर जाते; तीच वाकवून गावचा लोहार दीड फूट रुंदीचे कडे सहज करून देईल. ते १० फूट उंचीच्या खांबावर बसविले, जमीन चोपून सारखी केली व एक चेंडू आणिला की काम झाले. मंदिराजवळ किंवा शाळेमागे थोडी मोकळी जागा असली तर वडील मंडळींनी ती द्यावी, आणि मुलींसही खेळू द्यावे. कारण ह्या खेळाच्या पहिल्या वर्षापासून स्त्रियांचा त्यात भाग आहे. एकच नियम मात्र कोणी विसरू नये. त्या मैदानावर कोणत्या वस्तीचे मूल यावे व कोणत्या वस्तीचे येऊ नये हा प्रश्न कोणीही विचारू नये. तेथील घागरीचे पाणी सर्वांनी एकाच पेल्याने प्यावे. एवढे झाले तर कडे गंजले, चेंडू फाटला व सारे सामने हरले, तरी तो खेळ आमच्या गावात जिंकला असे आम्ही समजू.